अण्णासाहेब लठ्ठे : कुरुंदवाडपासून मुंबई प्रांताच्या खजिन्यापर्यंत

आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर आम्ही अधूनमधून आपल्या भागाशी नाते असलेल्या जुन्या व्यक्तींची माहिती देत असतो. या वेळी दिवाणबहादूर अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांची निवड केली आहे. १९३७ ते १९३९ या काळात ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री होते. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या वाचकांना लठ्ठे हे आडनाव तिथल्या शिक्षणसंस्थांमुळे ऐकून माहीत असते. पण हे गृहस्थ कोण, त्यांनी काय केले, असे विचारले तर आपल्या मुलांनाच काय, आपल्या वयाच्या पुष्कळ जणांनाही सांगता येणार नाही.

रामनगरच्या वाचकांना मुंबई प्रांताच्या अर्थमंत्र्याशी काय देणेघेणे, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर आपल्या घरातल्या जुन्या कागदांतच आहे. आपले रामनगर हे सुपा धरणाच्या विस्थापितांमुळे वाढलेले गाव. आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांची मूळ गावे काळी नदीच्या पाण्याखाली गेली. त्या गावांचे जुने खाते-उतारे काढून पाहिले तर वर ‘इलाखा मुंबई’ असा उल्लेख असायचा. आज ज्याला आपण उत्तर कन्नड म्हणतो तो जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. मधली चौऱ्याण्णव वर्षे आपला शेतसारा, स्टँप, अबकारी आणि आपल्या जंगलातल्या सागवानाचे उत्पन्न मुंबईच्या तिजोरीत जमा होत होते. त्या तिजोरीच्या किल्ल्या सव्वादोन वर्षे बेळगावच्या एका वकिलाच्या हाती होत्या. तेच हे लठ्ठे.

जन्म आणि शिक्षण

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाड येथे एका जैन कुटुंबात झाला. कृष्णाकाठचे कुरुंदवाड त्या वेळी पटवर्धनांच्या लहान संस्थानाची राजधानी होते. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा जिथे एकाच बाजारात ऐकू येतात, असा तो मुलूख. शेती आणि व्यापार करणाऱ्या तिथल्या जैन समाजात इंग्रजी शिक्षण तेव्हा नुकते कुठे शिरत होते. अण्णासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, एम. ए. झाले आणि पुढे कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली. त्या काळी आपल्या दक्षिण भागातील जैन समाजात एम. ए. झालेली माणसे बोटावर मोजण्याइतकीही नव्हती.

शिकलेल्या माणसाने समाजासाठी काय करायचे, याचे उत्तर त्यांनी विद्यार्थिदशेतच शोधले होते. १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी या तीर्थक्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत अण्णासाहेब होते. ही सभा आज दक्षिण भारत जैन सभा या नावाने चालते. वसतिगृहे काढणे, मुलांना शिकण्यासाठी मदत करणे, मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरणे आणि अनिष्ट रूढींविरुद्ध समाजाला समजावणे, ही सभेची कामे होती. जैन धर्माची ओळख करून देणारे एक इंग्रजी पुस्तकही अण्णासाहेबांनी १९०५ साली प्रसिद्ध केले.

कोल्हापूरचे दिवस

त्या काळात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज राज्य करत होते. महाराजांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहांना मदत दिली. कोल्हापूरचे दिगंबर जैन बोर्डिंग त्यातलेच एक. अण्णासाहेब राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि पुढे संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. जैन बोर्डिंगची देखरेखही त्यांच्याकडे होती.

या बोर्डिंगात कुंभोजचा एक विद्यार्थी राहत होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील, म्हणजेच पुढचे कर्मवीर. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव जाऊन आले. तिथून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात यायचे नाही, असे अण्णासाहेबांनी त्यांना सांगितले. भाऊरावांनी ते ऐकले नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

ही हकिकत भाऊरावांच्या चरित्रांत येते. अण्णासाहेबांची माहिती देताना ती गाळून टाकणे आम्हाला योग्य वाटले नाही. समाजसुधारणेच्या चळवळीतला, ब्राह्मणेतरांच्या हक्कांसाठी झगडणारा हा माणूस सोवळ्या-ओवळ्याच्या बाबतीत मात्र आपल्या काळाच्या चौकटीतून पूर्ण बाहेर पडला नव्हता. आपल्या हक्कांसाठी वर पाहणाऱ्या माणसाला आपल्या खाली कोण उभे आहे हे दिसतेच असे नाही. त्या पिढीतल्या कितीतरी मोठ्या माणसांच्या बाबतीत असे झालेले आहे.

डांबर प्रकरण

१९१४ साली कोल्हापुरात एक खळबळजनक घटना घडली. बादशहा सातवे एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासले. ब्रिटिश अमलात हा साधा गुन्हा नव्हता, राजद्रोहाचा संशय घेण्याजोगी गोष्ट होती. दरबारात अण्णासाहेबांविषयी वितुष्ट निर्माण झालेले होतेच, त्यामुळे संशयाची सुई त्यांच्याकडे वळवण्यात आली.

पण पुरावा हवा होता. त्यासाठी लठ्ठ्यांच्या विरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊराव पाटलांवर दबाव आणला गेला. ज्या माणसामुळे आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्याच माणसाविरुद्ध बोलायचे होते. राग काढायचाच असता तर याहून चांगली संधी कुठली? भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला साफ नकार दिला. त्यापायी त्यांना दुसऱ्याच एका प्रकरणात अडकवून कोठडीत टाकले. तिथे त्यांचा इतका छळ झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर त्यांची सुटका झाली.

अण्णासाहेबांनी कोल्हापूर सोडले आणि बेळगावात वकिली सुरू केली. जिथे आपली उमेदीची वर्षे गेली तिथून संशय डोक्यावर घेऊन बाहेर पडणे म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको. पण कोल्हापूरशी त्यांचा संबंध तिथे संपला नाही. मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि दोनच वर्षांनी, १९२४ साली, महाराजांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक होते अण्णासाहेब लठ्ठे. ज्यांच्या राज्यातून त्यांना निघावे लागले त्याच महाराजांचे कार्य जगापुढे मांडण्याचे काम त्यांनी केले. शाहू महाराजांवर लिहिणाऱ्या अभ्यासकांना आजही त्या चरित्राचा आधार घ्यावा लागतो.

बेळगाव, दिल्ली आणि पुन्हा कोल्हापूर

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी लोकांना कारभारात काही वाटा देण्याचे ब्रिटिश सरकारने ठरवले. हा वाटा कुणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न लगेच उभा राहिला. मूठभर शिकलेल्या वर्गाच्या हाती सगळे जाऊ नये, शेतकरी आणि मागासलेल्या जातींना कायदेमंडळात जागा मिळाव्यात, म्हणून अण्णासाहेब आणि वालचंद कोठारी यांनी डेक्कन रयत असोसिएशन ही संस्था उभी केली. ‘डेक्कन रयत’ नावाच्या इंग्रजी साप्ताहिकातून अण्णासाहेब ही बाजू मांडत असत. या मागणीसाठी इतरांनीही जोर लावला होता. त्याचा परिणाम म्हणून १९१९ च्या कायद्यानंतर मुंबई कायदे कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या.

नव्या कायद्याखाली दिल्लीत जे मध्यवर्ती कायदेमंडळ स्थापन झाले, त्यात १९२१ ते १९२३ या काळात अण्णासाहेब सभासद होते. त्यानंतर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूरने त्यांना परत बोलावले आणि तेही थेट दिवाण म्हणून. डांबर प्रकरणात ज्या संस्थानातून ते बाहेर पडले होते, त्याच संस्थानचा सगळा कारभार आता त्यांच्या हाती आला. संस्थानच्या जमाखर्चाचा हा अनुभव त्यांना पुढे मुंबईत उपयोगी पडला असणार.

१९३० नंतर ब्राह्मणेतर पक्षातले बरेच पुढारी काँग्रेसकडे वळले. पुण्याचे केशवराव जेधे हे त्यांतले ठळक नाव. अण्णासाहेबही काँग्रेसमध्ये आले. दिवाणबहादूर किताब लावणाऱ्या माणसाने काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहावे, हा त्या काळच्या राजकारणातला मोठाच बदल होता. १९३७ च्या निवडणुकीत ते बेळगाव जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले.

खेर मंत्रिमंडळ

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली होती. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. आधी काही महिने सर धनजीशहा कूपर यांचे हंगामी मंत्रिमंडळ होते. जुलै १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा इंग्रजीत प्रीमियर म्हणत. खेरांनी शिक्षण खाते स्वतःकडे ठेवले. गृहखाते कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे, महसूल मोरारजी देसाई यांच्याकडे, आरोग्य आणि अबकारी डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. नूरी आणि ल. मा. पाटील हे आणखी दोन मंत्री. अर्थखाते अण्णासाहेबांकडे आले. त्या वेळी मुंबई प्रांतात गुजरात, आजच्या पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग, खानदेश, कोकण आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे चार कानडी जिल्हे होते. या साऱ्याचा अर्थसंकल्प एक सीमाभागातला माणूस मांडत होता.

काँग्रेसच्या निर्णयाप्रमाणे मंत्र्यांनी दरमहा पाचशे रुपयेच पगार घ्यायचा होता. पूर्वीच्या मंत्र्यांच्या मानाने ही रक्कम फारच कमी होती. पण खरा प्रश्न मंत्र्यांच्या पगाराचा नव्हता. प्राप्तिकर आणि जकात ही मोठी उत्पन्ने केंद्राकडे होती. प्रांताकडे उरले ते मुख्यतः शेतसारा, अबकारी, स्टँप आणि जंगल. शेतसारा वाढवणे काँग्रेसला शक्य नव्हते, उलट तो कमी करण्याचे वचन तिने दिले होते. आणि अबकारी म्हणजे दारूचे उत्पन्न. ते तर बंदच करायचे होते.

दारूबंदीचा हिशेब

आम्ही आयुष्यभर बँकेत काम केले. त्यामुळे या प्रसंगाकडे पाहताना आमची नजर आपसूक ताळेबंदाकडे जाते. मुंबई प्रांताच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा अबकारीतून येत असे. एखाद्या शाखेने आपल्या व्याजाच्या उत्पन्नाचा चौथा भाग एका सहीने सोडून द्यायचा ठरवला, तर त्या शाखेच्या व्यवस्थापकाला झोप येईल का? इथे प्रश्न शाखेचा नव्हता. शाळा, दवाखाने, रस्ते आणि पोलीस यांचा खर्च त्याच पैशातून चालत होता.

दारूबंदीची घोषणा करणे सोपे होते, टाळ्याही मिळत होत्या. मागे जो खड्डा पडणार तो कशाने भरायचा, हे सांगण्याचे अप्रिय काम अर्थमंत्र्याच्या वाट्याला आले. मद्रासमध्ये राजगोपालाचारींपुढेही हीच अडचण होती. तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू झाली आणि तूट भरण्यासाठी राजाजींनी १९३९ मध्ये विक्रीकर आणला. मुंबईत अण्णासाहेबांनी मुख्यतः वेगळी वाट धरली. जुलै १९३८ मध्ये अहमदाबादेत दारूबंदी झाली आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात ती लागू झाली. तिच्यासाठी शहरातल्या स्थावर मालमत्तेच्या वार्षिक भाड्याच्या किमतीवर दहा टक्के कर बसवण्यात आला.

यामागचा विचार साधा होता. दारूवरचा कर बहुतांशी गिरणी कामगार, शेतमजूर आणि गरीब माणूस भरत होता. आता त्याऐवजी शहरात ज्यांच्या मालकीच्या चाळी आणि इमारती आहेत त्यांनी भार उचलावा. साहजिकच शहरातले घरमालक खवळले. सभा झाल्या, निषेध झाले. दारू-ताडीच्या धंद्यात पारशी समाजातली बरीच कुटुंबे होती, त्यांची पोटापाण्याची अडचण खरी होती. खाते सांभाळणारे डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते, त्यामुळे त्यांना घरच्याच लोकांचा रोष पत्करावा लागला. मालमत्ता कर बेकायदा आहे, हा तर केंद्राच्या अखत्यारीतला प्राप्तिकरच झाला, असा दावा घेऊन सर बैरामजी जीजीभॉय मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने कर वैध ठरवला. जमीन आणि इमारतींवर कर बसवण्याचा प्रांतांचा अधिकार स्पष्ट करणारा निकाल म्हणून वकील मंडळी पुढेही त्याचा हवाला देत राहिली.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. हिंदी पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबरमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. मुंबई शहरातली दारूबंदी जेमतेम तीन महिन्यांची झाली होती. गव्हर्नरच्या राजवटीत ती सैल पडली, मालमत्ता कर मात्र पुढेही राहिला. दारूबंदी यशस्वी झाली की नाही, यावर आजही वाद घालता येईल आणि आमच्या घरातही तो होतो. पण लोकप्रिय निर्णयाची किंमत लोकांना आधी सांगणारा आणि ती ऐपत असणाऱ्याकडून वसूल करणारा अर्थमंत्री म्हणून अण्णासाहेबांचे नाव घ्यावे लागेल.

आपल्या जिल्ह्याशी संबंध

या मंत्रिमंडळाचा एक निर्णय थेट आपल्या कारवार जिल्ह्याला भिडतो. एप्रिल १९३० मध्ये अंकोल्याला मिठाचा सत्याग्रह झाला. त्यानंतर अंकोला, सिद्दापूर, शिरसी भागातल्या शेतकऱ्यांनी सारा न भरण्याची चळवळ केली. सरकारने त्यांच्या जमिनी जप्त करून लिलावात विकल्या. घरे गेली, गुरे गेली, माणसे तुरुंगात गेली. गुजरातेत खेडा आणि सुरत जिल्ह्यांतही असेच झाले होते.

१९३८ साली मुंबई विधिमंडळाने जप्त जमिनी परत करण्याचा कायदा केला. लिलावात जमीन घेणाऱ्याला मोबदला देऊन सरकारने ती परत घ्यायची आणि मूळ मालकाला द्यायची, अशी त्याची रचना होती. खाते मोरारजींचे, पण मोबदल्याचा पैसा प्रांताच्या तिजोरीतून जायचा होता. ज्या काळात अबकारीचे उत्पन्न आटत होते, त्याच काळात हा खर्चही अंदाजपत्रकात बसवावा लागला. अंकोला-सिद्दापूरकडच्या घरांत या जमिनींच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात.

याच मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा आणि कूळकायद्याचाही पाया घातला. खेड्यांत संस्थांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना अनुदान द्यावे, हे धोरणही याच वेळचे. त्याचा फायदा घेऊन भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९३८ पासून सातारा भागात खेडोपाडी शाळा उघडायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा वर्षांत त्या शेकड्यांवर गेल्या. ज्या भाऊरावांनी खोटी साक्ष न देता हालअपेष्टा सोसल्या, त्यांच्या शाळांना अनुदान देणाऱ्या सरकारात अर्थखाते लठ्ठ्यांकडे होते, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

अखेरची वर्षे

१९४६ मध्ये खेरांचे दुसरे मंत्रिमंडळ आले. या वेळी अर्थखाते सहकारी चळवळीतले वैकुंठलाल मेहता यांच्याकडे गेले. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि अण्णासाहेबांनी ज्याचे दिवाणपद सांभाळले होते ते राज्यच इतिहासजमा झाले. पुढच्याच वर्षी, १९५० साली अण्णासाहेबांचे निधन झाले. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी त्यांचे नाव पुढे चालवते आहे.

आपल्या मुलांना मराठी, कोकणी आणि कन्नड अशा तीन भाषांत वावरावे लागते. त्याचे ओझे वाटते, असे पालक मंडळाच्या बैठकीत बोलून दाखवतात. कुरुंदवाडचा एक मुलगा अशाच मिश्र मुलखातून निघाला, कोल्हापूर, बेळगाव, दिल्ली आणि मुंबई अशा चार ठिकाणी कामाला उभा राहिला आणि कुठेच परका ठरला नाही, एवढे त्यांना सांगता आले तरी या लेखाचे काम झाले.

आपल्यापैकी कुणाच्या घरी १९५६ पूर्वीचे मुंबई इलाख्याचे सारा-पावत्या, खाते-उतारे किंवा शाळेचे दाखले असतील, तर ते फेकू नयेत. मंडळाकडे आणून दिल्यास त्यांच्या प्रती करून मूळ कागद परत देण्याची व्यवस्था आम्ही करू. धरणाखाली गेलेल्या गावांचे तेवढेच कागद आता आपल्या हाती उरले आहेत.